दीड पैशाचं अनुदान आणि काचेतून धावणारा उजेड

टपरीवर दहा रुपयांचा चहा प्यायचा, फोन क्यूआरच्या चौकटीसमोर धरायचा, पैसे आल्याचं डबा ओरडला की निघायचं. या देवघेवीसाठी टपरीवाल्याच्या खिशातून एक पैसाही जात नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. पण बँकांचे संगणक काही हवेवर चालत नाहीत. त्यांचा खर्च कुणीतरी उचलायला हवा. म्हणून २०२४-२५ या वर्षासाठी केंद्र सरकारनं १,५०० कोटी रुपये बाजूला काढले आणि सांगितलं, छोट्या दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंतचं यूपीआय पेमेंट झालं, की त्या रकमेच्या ०.१५ टक्के आम्ही भरू. दहा रुपयांच्या चहावर हा आकडा येतो दीड पैसा.

चार आणे आणि त्याखालची नाणी या देशात २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आणि सरकार दीड पैशाचा हिशेब ठेवतं! बरं, तो दीड पैसाही एकरकमी मिळत नाही. त्यातला ८० टक्के भाग, म्हणजे १.२ पैसे, विनाअट. उरलेल्या ०.३ पैशांचे पुन्हा दोन तुकडे. तांत्रिक कारणानं फसलेले व्यवहार ०.७५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर पहिला तुकडा, आणि बँकेची यंत्रणा ९९.५ टक्क्यांहून जास्त वेळ सुरू राहिली तर दुसरा. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यातले साडेतीन-पावणेचार तास यंत्रणा बंद पडली, की दुसरा तुकडा गेला. जे काही हाती येतं ते दुकानदाराच्या बँकेकडे येतं आणि तिथून गिऱ्हाइकाची बँक, मधली बँक आणि ॲपवाली कंपनी यांच्यात वाटलं जातं. टपरीवाल्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो पुढचा ग्लास विसळत असतो.

उलटा हिशेब मांडला तर गंमत आणखी वाढते. ०.१५ टक्क्यांच्या दरानं १,५०० कोटी संपवायचे तर दहा लाख कोटी रुपयांची छोटी-छोटी खरेदी व्हावी लागते. चहा, कोथिंबीर, पंक्चर, झेरॉक्स.

लहान धंद्याला सरकारी मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो अर्ज, दोन फोटो, आधारची प्रत आणि 'साहेब जेवायला गेलेत'. ती मदत आहेच, आणि तिची रांगही आहे. मला मात्र थक्क करते ती दुसरी मदत, जिच्यासाठी दुकानदारानं कधी अर्जच केलेला नसतो. ती कागदाच्या चौकटीत असते, जमिनीखालच्या काचेत असते, कधी राजपत्रातल्या एका वाक्यात असते. टपरीपासून सुरुवात करून तिचा माग काढत गेलं, की ती फार लांब नेते.

आधी ती चौकट. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या चमूनं क्यूआर कोड तयार केला, तो कारखान्यातल्या खोक्यांची नोंद भराभर व्हावी म्हणून. काळ्या-पांढऱ्या घरांची कल्पना सुचली 'गो' या पटावरच्या खेळातून. अवघड प्रश्न वेगळाच होता. आजूबाजूला एवढं छापील काही असताना यंत्रानं आपली चौकट ओळखायची कशी? तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन हे त्याचं उत्तर. त्यांच्या मध्यातून कुठल्याही कोनात रेघ ओढा, काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं यांचं प्रमाण १:१:३:१:१ असंच येतं. या चमूनं मासिकं, पत्रकं, खोकी असा छापील माल चाळून काढला आणि त्यात सर्वांत कमी आढळणारं प्रमाण निवडलं. शिवाय माहिती अशा गणिती पद्धतीनं भरलेली असते, की सर्वांत कडक पातळीवर चौकटीचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून ती पुरी करता येते. वड्याच्या तेलाचा डाग, उन्हानं उडालेली शाई, सगळं चालतं. कंपनीनं पेटंटचा हक्क बजावला नाही, म्हणून चौकट सगळ्यांना फुकट मिळाली.

कार्डाचं यंत्र महाग असतं, कागद स्वस्त. तरीही दूरच्या गावात जाऊन कुणी तो कागद चिकटवायचा आणि दुकानदाराला समजावायचं, त्याला खर्च येतो. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२१ पासून एक निधी चालवला, जो लहान गावांत आणि ईशान्येकडच्या राज्यांत अशी साधनं बसवणाऱ्यांना खर्चाचा काही वाटा परत देत असे. क्यूआरसाठी निम्म्यापासून पाऊण हिश्शापर्यंत. पुढे २०२३ मध्ये त्या यादीत बोलणारा डबाही आला. त्या डब्यात सिमकार्ड असतं. बँकेकडून येतो तो अगदी इवला निरोप, रकमेचा. 'रुपये', 'प्राप्त झाले' हे शब्द अनेक डब्यांत आधीच भरून ठेवलेले असतात. म्हणून रेंजची एखादीच दांडी दिसत असली तरी डबा बोलतो.

फेरीवाल्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२०ची. टाळेबंदीत हातगाड्या उभ्या होत्या तेव्हा बिनतारण दहा हजारांचं कर्ज, ते फेडलं की वीस, मग पन्नास हजार. (२०२५ मध्ये पहिली दोन कर्जं वाढून पंधरा आणि पंचवीस हजारांची झाली.) त्यात एक चतुर कलम होतं. महिन्यात किमान २५ रुपयांचे ५० डिजिटल व्यवहार केले, की ५० रुपये खात्यात जमा. पुढच्या पन्नासांना २५, त्यापुढच्या शंभरांना आणखी २५. महिन्याला शंभर रुपयांनी कुणाचं घर चालत नाही. पण जिच्याकडे दाखवायला कधी एक पावती नव्हती, त्या भाजीवालीच्या नावावर महिन्याला दोनशे नोंदी बँकेत बसतात. मला ही योजना कर्जाची कमी आणि वहीखात्याची जास्त वाटते.

इथवर सगळं मोबाइलच्या रेंजवर निभावलं. पण टपरीच्या शेजारी बहुधा 'ऑनलाइनवाला' असतो. सातबारा, भरतीचे फॉर्म, जीएसटी, लग्नाचे फोटो पाठवणं, सगळं त्याच्याकडे. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला त्याच्या दारात उभं राहून पाहा. अंगठा यंत्रावर, नजर पडद्यावर, आणि पडद्यावर गोल फिरणारं चक्र. या धंद्याला इवला निरोप पुरत नाही. त्याला दोन्ही दिशांनी रुंद वाट हवी, आणि ती आज तरी काचेतूनच जाते.

काचेतून उजेड वाकवून नेण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्यांत पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आहेत. १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. पण ते अंतर हाताएवढं. किलोमीटरभर जायचं तर उजेड वाटेतच विझत होता. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितलं, दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड उरला, तरी या तंतूवरून दूरध्वनी चालवता येईल. त्या वेळी एवढीही शुद्ध काच कुणाकडे नव्हती. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं ती रेषा ओलांडली. आजच्या चांगल्या तंतूत निम्मा उजेड उरायला पंधरा किलोमीटर जावं लागतं. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं, कपानींना नाही. भारतानं त्यांना पद्मविभूषण दिलं ते २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

ही काच आपल्याकडेही होते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथं स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. वाळू वितळवून ही काच करत नाहीत, वाळूत मळ फार. सिलिकॉनच्या एका संयुगाची वाफ करून, तिच्यापासून काचेची भुकटी कण-कण साठवून जाड दांडी घडवतात. मग ती उंच मनोऱ्यात टांगून सुमारे दोन हजार अंशांवर तापवतात आणि खाली गळणारा तंतू ओढत राहतात. तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. उजेड धावतो तो त्याच्याही पोटातल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून.

आणि आता माझा सर्वांत आवडता भाग. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतू नेण्याचा निर्णय घेतला. त्यालाच पुढे भारतनेट म्हणू लागले. (महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारनं महानेट नावानं स्वतःकडे घेतलं.) पहिल्या टप्प्यात वापरलेलं तंत्र जीपॉन, आणि त्याची यंत्रं घडवली होती सी-डॉट या सरकारी संस्थेनं. तालुक्याच्या ठिकाणाहून एक तंतू निघतो. वाटेत एका डबीत त्या उजेडाचे अनेक वाटे होतात, अगदी बत्तीससुद्धा. या डबीला वीज लागत नाही. तिच्यात हलणारं काही नाही, तापणारं काही नाही. काचेला काच जोडून उजेड वाटला जातो, बस. या वाटणीची किंमत मात्र जबर. बत्तीस वाटे करताना जेवढा उजेड खर्ची पडतो, तेवढ्यात तो पंचाहत्तर किलोमीटर सरळ गेला असता.

तालुक्याहून गावाकडे येणारा उजेड १,४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, गावाहून जाणारा १,३१० नॅनोमीटरचा. हे दोन्ही उजेड डोळ्यांना न दिसणारे, आणि दोन्ही एकाच काचेतून एकाच वेळी समोरासमोर जातात. टक्कर नाही. खाली येणारा मजकूर सगळ्या गावांना सगळाच मिळतो. प्रत्येक यंत्र आपला तेवढा उचलतं, आणि शेजारच्याचा वाचता येऊ नये म्हणून तो कुलूपबंद असतो. खरी कसोटी वर जाताना. बत्तीस ठिकाणं एकदम बोलली तर तालुक्याला गोंगाटच ऐकू येईल. म्हणून इथं पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावलेली असते. फरक एवढाच, की पाळीचा एक फेरा सेकंदाचा आठ हजारावा भाग चालतो. त्यातही एक गाव दोन किलोमीटरवर, दुसरं अठरा. काचेत उजेड किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद घेतो, त्यामुळे दोन्ही गावांनी एकदम हाक दिली तरी दूरच्या गावाची हाक ऐंशी मायक्रोसेकंद उशिरा पोचणार. यावर तालुक्याचं यंत्र प्रत्येकाला आधी एकदा साद घालून त्याचं अंतर मोजतं आणि जवळच्याला सांगतं, तू एवढं थांबून बोल. मग सगळ्यांचे निरोप एकामागे एक, नॅनोसेकंदांत मोजावं लागेल एवढं अंतर ठेवून, ओळीनं येतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर धूळ खात बसलेलं ते पांढरं यंत्र हे करत असतं.

म्हणजे, सुरू असेल तर.

कारण सगळं शास्त्र इतकं नाजूक साधूनही पहिल्या टप्प्याचा आराखडा एका साध्या गोष्टीवर अडला. डिसेंबर २०१७ पर्यंत एक लाख ग्रामपंचायती जोडल्या गेल्या, पण बऱ्याच ठिकाणी तंतू तालुक्याहून गावाकडे एकेरी गेलेला होता. रस्त्याच्या रुंदीकरणाला जेसीबी आला, दात एकदा जमिनीत गेला, की पुढची गावं अंधारात. जोडायचं कुणी, कधी, कोणत्या पैशातून, याचं उत्तर ढिलं. पंचायतीला कुलूप असेल, वीजबिल थकलं असेल, तर यंत्रही बंद. काचेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तंतू टाकला की काम संपलं, हे मानणं चुकलं.

४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये हे मान्य केलेलं दिसतं. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. आता तंतू कड्यासारखा गोल टाकायचा. एका बाजूनं तुटला तर उजेड दुसऱ्या बाजूनं फिरून येईल. आणि ज्यानं बांधलं त्यानंच दहा वर्षं सांभाळायचं. गावातून पुढे घराघरांत, दुकानांत जोडणी नेण्यासाठी गावातलाच उद्योजक उत्पन्नात वाटेकरी. पुष्कळ ठिकाणी हा आपला जुना केबलवालाच, ज्याला कुणाच्या छपरावरून वायर नेली तर भांडण होतं हे कुठल्याही अभियंत्यापेक्षा जास्त कळतं. खोदणाऱ्यांसाठी सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही काढलं. खोदण्याआधी विचारा, खाली कुणाचं काय आहे. न विचारता खोदल्यानं देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनंच तेव्हा सांगितलं.

पैसा कुठून येतो? २००२ पासून दूरसंचार कंपन्या आपल्या ठराविक महसुलाचे पाच टक्के एका निधीत भरतात. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्या-उभ्या रिचार्ज करणारा माणूस असा मेळघाटातल्या काचेला हातभार लावत असतो. त्यालाही कुणी विचारलेलं नसतं.

भारतनेटचा देखभालीचा धडा नव्या यंत्रांच्या योजनांत कुठे-कुठे उतरलेला दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली नमो ड्रोन दीदी घ्या. पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन, किमतीच्या ८० टक्के अनुदान, कमाल आठ लाख. छायाचित्रात ड्रोनच येतो. मला मोलाची वाटते ती त्याच्यासोबतची यादी: बॅटऱ्यांचे चार जादा संच, वेगानं भरणारा चार्जर, जादा पंखे, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, वर्षाचा विमा, दोन वर्षांची देखभाल. रानात बॅटरी संपली की उडणारं यंत्र म्हणजे नुसतं ओझं, हे ती यादी करणाऱ्याला ठाऊक होतं.

आता सी-डॉटकडे परत. जीपॉनची यंत्रं घडवणारी ही संस्था स्थापन झाली १९८४ मध्ये. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरमध्ये तिचं १२८ जोडण्यांचं पहिलं ग्रामीण टेलिफोन केंद्र सुरू झालं, वातानुकूलनाशिवाय, धुळीत चालेल असं. त्याच काळात दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं देशभर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोनचे बूथ, उभे राहिले. त्या बूथमध्ये किराणा दुकानदार दूरसंचार खात्याचा भागीदार झाला होता. रात्री अकरानंतर दर कमी होतात म्हणून लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना आणखी सांगायला नको.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही त्याच बूथची वायफाय आवृत्ती. दुकानदारानं ब्रॉडबँड घ्यायचं, एक यंत्र लावायचं आणि गिऱ्हाइकाला पाच-दहा रुपयांत डेटा विकायचा. परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. मग कोण कुठला माणूस वायफाय वापरतोय हे टपरीला कसं कळणार? तिला कळायची गरजच नाही. गिऱ्हाइकानं एकदा ॲपवर ओळख पटवलेली असते. ॲप त्याच्या फोनला सही केलेली चिठ्ठी देतं. अशा टपऱ्यांना एकत्र जोडणाऱ्या मधल्या कंपनीचा संगणक ती सही एका मध्यवर्ती नोंदवहीतल्या किल्लीशी ताडून पाहतो आणि दार उघडतो. नाशकात ओळख पटवलेला मुलगा कोल्हापूरच्या स्टँडवर उतरला, तरी त्याला पुन्हा ओटीपी मागावा लागत नाही. ही नोंदवही ठेवतं कोण? सी-डॉटच.

इतकी देखणी रचना, आणि तरी ती लंगडली. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचं उद्दिष्ट होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-वाणीची केंद्रं होती अडीच लाखांहूनही कमी. दुकानदाराला परवाना नको होता, पण जोडणी हवी होती, आणि कंपन्या म्हणत, विकायला घेतोस ना, मग घरगुती दर नाही, कंपन्यांसाठीची महाग लीज्ड लाइन घे. तिची किंमत घरगुती जोडणीच्या कित्येक पट. शेवटी जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं आदेश काढला, २०० एमबीपीएसपर्यंतचे सगळे घरगुती फायबर प्लॅन या दुकानांना द्यावेच लागतील, आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावता येणार नाही. तिजोरीतून एक रुपया न काढता दिलेली ही मदत मला अनेक अनुदानांपेक्षा भारी वाटते. फक्त ती साडेचार वर्षं उशिरा आली.

आता गणित दुकानदाराच्या बाजूनं मांडू. समजा घरगुती प्लॅन ६०० रुपयांचा आहे, तर त्याला तो जास्तीत जास्त १,२०० ला मिळेल. पाच रुपयांचं कूपन धरलं तर खर्च निघायला महिन्याला २४० कूपनं, दिवसाला आठ. मधल्या कंपनीचा वाटा आणि वीज धरून बारा म्हणा. मोबाइल डेटा एवढा स्वस्त असताना हे बारा जण कोण? ज्यांचा रोजचा दीड जीबी रात्री आठलाच संपतो ते. अभ्यासिकेतली मुलं, एसटी स्टँडवर खोळंबलेले, शहरात कामाला आलेले आणि घरी व्हिडिओ कॉल लावणारे. अभ्यासिकेखालच्या झेरॉक्सवाल्याला बारा गिऱ्हाइकं सहज मिळतील. पाचशे वस्तीच्या वाडीतल्या दुकानाला नाही मिळणार, आणि तिथे दुपटीचा दरही जास्तच ठरेल.